तुटायचंच तर बिल्डमध्ये तुटू दे
कर्नल बदलताना बाहेरच्या ड्रायव्हरांचं काय करायचं?

लिनक्स कर्नलमधल्या एखाद्या फंक्शनचं एक आर्ग्युमेंट तुम्हाला काढून टाकायचं आहे. कर्नलच्या सोर्समध्ये ते फंक्शन जिथे जिथे वापरलंय त्या सगळ्या जागा शोधल्या, दुरुस्त केल्या, बिल्ड नीट झाला, पॅच गेला. पण त्या फंक्शनवर विसंबून असलेला आणखी एक ड्रायव्हर एखाद्या कंपनीच्या स्वतःच्या रिपॉझिटरीत पडून असतो. तुमच्या शोधात तो कधीच सापडणार नव्हता. अशा आउट-ऑफ-ट्री ड्रायव्हरांची काळजी कुणी, किती आणि कुठे घ्यायची, यावरून प्रत्येक टीममध्ये वाद होतात. पुण्यातल्या ऑटोमोटिव्ह आणि एम्बेडेड कामात तर हा रोजचाच विषय, कारण बोर्डाबरोबर आलेले बरेच ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये कधी गेलेलेच नसतात.

पुढचं सगळं मार्गदर्शन एका सूत्रावर उभं आहे. बदलामुळे बाहेरचा ड्रायव्हर तुटणार असेल तर तो कंपाइल होतानाच तुटला पाहिजे. तो गुपचूप बिल्ड होऊन ग्राहकाच्या मशीनवर मेमरी खराब करायला लागला, तर ते सर्वांत महागात पडतं. आणि जुन्या-नव्याची सांगड घालणारा कोड लिहायचाच असेल, तर तो ड्रायव्हरच्या कडेला एका फाइलमध्ये राहावा. कर्नलच्या गाभ्यात त्याला जागा देऊ नये.

आधी ठरवा: हा कर्नल कुणाचा?

मेनलाइन कर्नलमध्ये काम करत असाल तर नियम स्पष्ट आहे. यूजरस्पेसला दिलेला इंटरफेस, म्हणजे सिस्टिम कॉल वगैरे, मोडायचा नाही. यावर लायनस टॉरवल्ड्स कमालीचे कडक आहेत. कर्नलच्या आतल्या फंक्शनांना मात्र असं कुठलंही अभय नाही. ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी लिहिलेलं 'स्टेबल एपीआय नॉन्सेन्स' हे टिपण कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्येच आहे आणि त्यात हे धोरण सकारण मांडलंय. त्यामुळे 'बाहेरचे ड्रायव्हर मोडतील' म्हणून जुनं फंक्शन तसंच ठेवणारा पॅच मेनलाइनमध्ये टिकणार नाही. ट्रीमधले सगळे वापर दुरुस्त करायची जबाबदारी मात्र बदल करणाऱ्याचीच.

डिस्ट्रोचा किंवा प्लॅटफॉर्मचा कर्नल असेल तर नेमकं उलट. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स (आरएचईएल) आपल्या प्रत्येक मेजर आवृत्तीसाठी ठरावीक सिम्बॉलांची यादी जाहीर करतं आणि त्या आवृत्तीच्या आयुष्यभर ती सांभाळतं. अँड्रॉइडने 12 व्या आवृत्तीपासून, 5.10 कर्नलबरोबर, जेनेरिक कर्नल इमेजची पद्धत आणली. त्यात गूगलचा कर्नल आणि चिप कंपन्यांची मॉड्यूल्स वेगवेगळी बिल्ड होतात आणि दोघांमधला इंटरफेस गोठवलेला असतो. अशा ठिकाणी बाहेरचा ड्रायव्हर मोडणं हा सरळ सरळ बग धरला जातो. फ्रीबीएसडीने मधली वाट धरलीय: विकासाच्या मुख्य शाखेत बदल होत राहतात आणि ड्रायव्हरांना कळावं म्हणून '__फ्रीबीएसडी_व्हर्जन' हा आकडा वाढवला जातो, स्थिर शाखेत मात्र मॉड्यूल्स चालू राहतील याची काळजी घेतली जाते.

तिसरा प्रकार म्हणजे तुमच्या स्वतःच्या प्रॉडक्टचा कर्नल. इथे नियम तुम्हीच करायचे असतात, म्हणून ते लिहून ठेवा. कुठल्या ब्रँचवर इंटरफेस गोठला, कधीपर्यंत गोठला आणि कुणाच्या परवानगीने तो मोडता येईल, एवढ्या तीन ओळी पुरतात. त्या नसल्या की प्रत्येक रिलीजला तोच वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

मेनलाइनमध्ये बदल करताना

चांगला बदल कसा करावा याचा नमुना टायमरच्या बाबतीत मिळतो. पूर्वी टायमरच्या कॉलबॅकला 'अनसाइन्ड लाँग' प्रकारचा एक आकडा मिळायचा आणि ड्रायव्हर त्याला कास्ट करून आपल्या स्ट्रक्चरचा पॉइंटर काढायचा. यात कंपायलरला काहीच तपासता यायचं नाही. शिवाय फंक्शनचा पत्ता आणि त्याला द्यायचा आकडा एकाच स्ट्रक्चरमध्ये असल्याने मेमरी ओव्हरफ्लो करणाऱ्या हल्लेखोराची सोयच होत होती. केस कुक यांच्या पुढाकाराने हे बदललं. 4.14 मध्ये 'टायमर_सेटअप' आलं, त्या वेळी जुनी पद्धतही चालू होती. मग शेकडो ठिकाणचे वापर बदलले गेले आणि 4.15 मध्ये जुनी 'सेटअप_टायमर' काढून टाकली. आधी नवं आणायचं, मग सगळ्यांना हलवायचं, शेवटी जुनं काढायचं. 4.14 ही दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती असल्याने बाहेरच्या ड्रायव्हरांनाही नव्या पद्धतीवर उभं राहायला एक पक्का कर्नल मिळाला.

दुसरं उदाहरण 6.3 मधलं. तोवर ड्रायव्हर 'व्हीएमए' (व्हर्च्युअल मेमरी एरिया) स्ट्रक्चरमधल्या 'व्हीएम_फ्लॅग्ज'मध्ये थेट लिहायचे. पुढे 6.4 मध्ये प्रत्येक व्हीएमएला स्वतंत्र लॉक येणार होतं, म्हणजे लॉक न घेता केलेलं लिखाण धोक्याचं ठरणार होतं. हा बदल नुसता कागदोपत्री जाहीर केला असता तर बाहेरचे ड्रायव्हर पूर्वीसारखे बिल्ड झाले असते आणि कधीतरी, भाराखाली, कोसळले असते. त्याऐवजी ते फील्डच 'कॉन्स्ट' केलं आणि बदलासाठी 'व्हीएम_फ्लॅग्ज_सेट'सारखी फंक्शनं दिली. जुना कोड कंपाइल होईना. ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांनी बोटं मोडली असतील, पण एकालाही अंधारात राहावं लागलं नाही.

यातून हाताशी ठेवायचे नियम असे:

- फंक्शनची सही (सिग्नेचर) तीच ठेवून वागणूक बदलू नका. लॉकची अट, परत मिळणाऱ्या किमतीचा अर्थ किंवा मेमरी कुणी मोकळी करायची हे बदलत असेल, तर नावही बदला.
- एकाच प्रकारच्या दोन आर्ग्युमेंटांची अदलाबदल कधीही करू नका. कंपायलर एक चकार शब्द काढणार नाही. आर्ग्युमेंट काढल्याने किंवा वाढवल्याने असा धोका होत नाही. 5.0 मध्ये 'ॲक्सेस_ओके'चं पहिलं आर्ग्युमेंट गेलं तेव्हा जुने ड्रायव्हर जागच्या जागी अडले, आणि दुरुस्ती एका मिनिटाची होती.
- कमिट मेसेजमध्ये 'जुनं असं होतं, आता असं लिहा' हे दोन ओळींत द्या. बाहेरचा माणूस गिटच्या इतिहासात फंक्शनचं नाव शोधत तुमच्या कमिटपर्यंतच येणार आहे. तिथे त्याला नुसतं 'क्लीनअप' दिसलं तर त्याचा अख्खा दिवस जातो.
- बदल कॉक्सिनेल या कोड बदलणाऱ्या टूलने केला असेल तर त्याचा सिमँटिक पॅच कमिट मेसेजमध्येच ठेवा. तीच स्क्रिप्ट बाहेरच्या ड्रायव्हरवर चालवता येते.

गोठवलेल्या कर्नलमध्ये बदल करताना

इथे प्रश्न सोर्सपुरता राहत नाही, आधी बिल्ड झालेल्या मॉड्यूलचाही असतो. मॉड्यूल कंपाइल झालं त्या दिवशी स्ट्रक्चरचा आकार आणि प्रत्येक फील्डची जागा त्याच्या मशीन कोडमध्ये कायमची कोरली जाते. स्ट्रक्चरच्या मध्ये एक फील्ड घुसवलं की पुढचं सगळं सरकतं आणि जुनं मॉड्यूल भलत्याच जागी वाचायला-लिहायला लागतं.

हे पकडण्यासाठी 'मॉडव्हर्जन्स' हा पर्याय चालू ठेवा. त्यात एक्सपोर्ट केलेल्या प्रत्येक सिम्बॉलचा, त्याच्या सहीतल्या स्ट्रक्चरांसकट, एक सीआरसी काढला जातो. मॉड्यूलमधला आणि कर्नलमधला सीआरसी जुळला नाही की लोडिंग नाकारलं जातं आणि डीमेसेजमध्ये 'डिसॲग्रीज अबाउट व्हर्जन ऑफ सिम्बॉल' अशी ओळ दिसते. ही ओळ दिसली की काही जण मॉड्यूल जबरदस्तीने लोड करायचा पर्याय शोधतात. तसं करू नका. ती ओळ तुम्हाला वाचवत असते.

मग गोठवलेल्या कर्नलमध्ये नवं फील्ड आणायचं कसं? स्ट्रक्चर गोठवण्याआधीच त्यात मोकळ्या जागा राखून. रेड हॅटच्या कर्नलमध्ये 'आरएच_केएबीआय_रिझर्व्ह' आणि अँड्रॉइडमध्ये 'अँड्रॉइड_केएबीआय_रिझर्व्ह' हे मॅक्रो त्यासाठीच आहेत. प्रत्येक मॅक्रो 64 बिटांची जागा धरून ठेवतो. पुढे फील्ड लागलं की त्या राखीव जागेवर जोडीचा 'यूज' मॅक्रो वापरतात. आतमध्ये तो युनियन करतो आणि सीआरसी काढणाऱ्या टूलला जुनीच व्याख्या दाखवतो. म्हणून आकार तोच, बाकीची फील्डं जागच्या जागी आणि सीआरसीही तोच राहतो.

सीआरसी टूलपासून फील्ड लपवायची ही युक्ती '__जेनकेसिम्स__' मॅक्रोने हातानेही करता येते, आणि तिथेच घोटाळे होतात. टूल गप्प बसलं म्हणून मांडणी शाबूत आहे असं होत नाही. प्रत्येक वेळी स्ट्रक्चरची मांडणी दाखवणारं 'पाहोल' चालवून बदलाआधीची आणि नंतरची मांडणी शेजारी-शेजारी ठेवा. अख्ख्या कर्नलची तुलना करायला लिबॲबिगेलमधलं 'एबीआयडिफ' वापरा आणि ते सीआयमध्ये बसवा, म्हणजे कुणी आठवण ठेवायची गरज उरणार नाही.

स्ट्रक्चरच्या शेवटी फील्ड जोडणं दिसतं तितकं निर्धोक नसतं. ते स्ट्रक्चर नेहमी कर्नलच अलोकेट करत असेल तर चालतं. ड्रायव्हर ते स्वतः अलोकेट करत असेल किंवा आपल्या स्ट्रक्चरच्या पोटात ठेवत असेल, तर जुन्या मॉड्यूलने जागा जुन्या आकाराचीच घेतलेली असते. तुमचं नवं फील्ड मग दुसऱ्याच कुणाच्या तरी मेमरीवर बसतं. हेडरमधल्या इनलाइन फंक्शनांचंही तसंच. त्यातली दुरुस्ती जुन्या मॉड्यूलपर्यंत पोहोचतच नाही, कारण त्यांच्या पोटात जुनी प्रत आधीच कंपाइल झालेली असते. सुरक्षेची दुरुस्ती इनलाइन फंक्शनात करत असाल, तर मॉड्यूल पुन्हा बिल्ड करावं लागेल हे रिलीज नोटमध्ये स्पष्ट लिहा.

तुमचाच ड्रायव्हर बाहेर असेल तर

बहुतेक बाहेरच्या ड्रायव्हरांत पानोपानी कर्नलच्या आवृत्तीचे 'इफ-एल्स' पसरलेले असतात. वर्ष-दोन वर्षांत तो कोड कुणालाच वाचता येत नाही. उपाय असा: ड्रायव्हरचा मुख्य कोड नेहमी सर्वांत नव्या कर्नलच्या पद्धतीने लिहा आणि जुन्या कर्नलमध्ये जे नसेल ते एका 'कॉम्पॅट' हेडरमध्ये पुरवा. मुख्य कोडमध्ये आवृत्तीची एकही अट नको.

टायमरचंच उदाहरण पुढे नेऊ. कॉलबॅकमध्ये टायमरच्या पॉइंटरवरून आपलं स्ट्रक्चर काढणारा मॅक्रो 4.14 पासून 'फ्रॉम_टायमर' होता, 6.16 मध्ये त्याचं नाव 'टायमर_कंटेनर_ऑफ' झालं. ड्रायव्हरमध्ये नवं नाव वापरा. कॉम्पॅट हेडरमध्ये 'इफएनडेफ'ने ते नाव आहे का पाहा, नसेल तर साध्या 'कंटेनर_ऑफ'वर त्याची व्याख्या करा. तो मॅक्रो असल्यामुळे आवृत्ती बघायचीही गरज नाही, आणि ही एकच व्याख्या 4.14 च्या मागेपुढे सगळीकडे चालते. 4.14 च्या आधीच्या कर्नलसाठी 'टायमर_सेटअप'ही लागेल: आत जुनं 'सेटअप_टायमर' बोलवायचं, कॉलबॅक जुन्या प्रकारात कास्ट करायचा आणि डेटा म्हणून टायमरचाच पत्ता द्यायचा. हा कास्ट फक्त जुन्या कर्नलच्या अटीतच ठेवा. कंट्रोल फ्लो इंटेग्रिटी चालू असलेल्या नव्या कर्नलवर असा बेमेळ कॉल पकडला जातो आणि मशीन पॅनिक होतं.

फंक्शनला 'इफएनडेफ' चालत नाही, कारण प्रीप्रोसेसरला फंक्शन दिसतच नाही. 'डेल_टायमर_सिंक'चं नवं रूप 'टायमर_डिलीट_सिंक' 6.2 मध्ये आलं आणि जुनं नाव 6.15 मध्ये गेलं. इथे आवृत्तीची अट किंवा प्रत्यक्ष चाचणी, दोन्हींपैकी एक लागतंच.

आवृत्तीच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नका. आरएचईएल 8 चा कर्नल स्वतःला 4.18 म्हणवतो, पण त्यात पुढच्या कर्नलमधलं बरंच काही मागे आणून बसवलेलं असतं. 4.18 समजून तुम्ही एखादं फंक्शन पुरवायला गेलात की 'रीडेफिनिशन'ची चूक येते. फक्त रेड हॅट सांभाळायचं असेल तर 'आरएचईएल_रिलीज_कोड' तपासून भागतं. अनेक डिस्ट्रो सांभाळायच्या असतील तर बिल्डच्या सुरुवातीला छोटे छोटे तुकडे कंपाइल करून पाहणं खात्रीचं. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमधली 'कॉनफटेस्ट' स्क्रिप्ट आणि ओपनझेडएफएसचं 'कॉन्फिगर' हेच करतात.

या चाचण्यांचा एक सापळा आहे. तुकडा कंपाइल झाला नाही, म्हणजे फंक्शन नाही असा अर्थ स्क्रिप्ट काढते. पण खरं कारण हेडर न सापडणं किंवा कंपायलरची एखादी नवी वॉर्निंग असं काहीही असू शकतं. म्हणून एक तुकडा हमखास पास व्हावा असा आणि एक हमखास नापास व्हावा असा ठेवा. या दोघांचा निकाल चुकला तर बिल्ड तिथेच थांबवा.

आणखी काही सूचना:

- सांगड घालणारा कोड लिहिण्याआधी नवं नाव जुन्या कर्नलमध्ये आधीपासून आहे का पाहा. 5.6 मध्ये 'आयओरीमॅप_नोकॅश' गेलं तेव्हा अनेकांनी लगेच अटी लिहिल्या. साधं 'आयओरीमॅप' जुन्या कर्नलमध्येही होतंच आणि बहुतेक सगळ्या आर्किटेक्चरवर तेच काम करत होतं.
- कॉलबॅकची सही बदलते तेव्हा मॅक्रोच्या कसरती करू नका. 6.11 मध्ये प्लॅटफॉर्म ड्रायव्हरचं 'रिमूव्ह' 'व्हॉइड' झालं. खरं काम एका 'व्हॉइड' फंक्शनमध्ये ठेवा. जुन्या कर्नलसाठी ते बोलवून शून्य परत करणारं छोटं फंक्शन कॉम्पॅट फाइलमध्ये लिहा.
- ऑपरेशन्सच्या स्ट्रक्चरमध्ये फंक्शन भरताना कास्ट करू नका आणि मेकफाइलमध्ये वॉर्निंग बंद करू नका. कर्नलने दिलेली सूचना तुम्ही तिथेच दाबून टाकता.
- एक्सपोर्ट न केलेल्या सिम्बॉलपर्यंत मागच्या दाराने जाऊ नका. 'कॅलसिम्स_लुकअप_नेम' 5.7 मध्ये बंद झालं तेव्हा त्यावर उभे असलेले ड्रायव्हर एका रात्रीत अडकले.
- परवान्याचा विचार आधी करा. 5.0 मध्ये एफपीयू वापरण्याचं '__कर्नल_एफपीयू_बिगिन' एक्सपोर्टमधून गेलं आणि उरलेला पर्याय फक्त जीपीएल मॉड्यूलांसाठी होता. ओपनझेडएफएसचा परवाना सीडीडीएल असल्याने त्यांना स्वतःची सोय करावी लागली. अशा अडचणीवर कॉम्पॅट हेडरमध्ये उत्तर नसतं.
- कर्नलचा आतला इंटरफेस बदलला म्हणून तुमच्या ड्रायव्हरचे आयऑक्टल आणि सिसएफएसच्या फाइली बदलू नका. ड्रायव्हर वापरणाऱ्या प्रोग्रॅमला आत काय झालं याचा पत्ताही लागता कामा नये.

चाचणी

किमान दीर्घकाळ सांभाळले जाणारे कर्नल, जसे की 5.10, 5.15, 6.1, 6.6 आणि 6.12, यांपैकी तुमचे ग्राहक जे वापरतात त्यांच्यावर आणि त्यांच्या डिस्ट्रोंच्या हेडरवर रोज बिल्ड करा. त्यात 'लिनक्स-नेक्स्ट' जरूर घाला. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवा कर्नल येतो, आणि पुढच्या आवृत्तीत काय मोडणार हे नेक्स्टमध्ये आधीच दिसतं. ग्राहकाने अपडेट केल्यावर कळण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

बिल्ड झालं म्हणजे काम झालं असं समजू नका. प्रत्येक कर्नल क्यूईएमयूमध्ये केॲसॅन आणि लॉकडेप चालू ठेवून बूट करा, मॉड्यूल पुन्हा पुन्हा चढवा-उतरवा, आणि टायमर चालू असताना, डिव्हाइस उघडं असताना उतरवून पाहा. लॉकचे बदललेले नियम कंपायलरला दिसत नाहीत. ते इथेच सापडतात.

ग्राहकाकडे पोहोचवायला डीकेएमएस सोपं पडतं. मूळचं डेल कंपनीचं हे साधन नवा कर्नल आला की मॉड्यूल आपोआप बिल्ड करतं. त्यात कुठल्या कर्नलवर बिल्ड करायचं याची मर्यादा सांगता येते, ती सांगाच. न तपासलेल्या कर्नलवर अर्धवट बिल्ड होण्यापेक्षा स्पष्ट नकार ग्राहकाला लवकर समजतो. सिक्युअर बूट चालू असेल तर मॉड्यूलवर सही करायची किल्लीही मशीनवर नोंदवावी लागते. इन्स्टॉलच्या सूचनांत ही पायरी विसरू नका.

कॉम्पॅट फाइल कधी बंद करायची?

जुन्या कर्नलचा आधार कधी काढणार ते सुरुवातीलाच ठरवा आणि ड्रायव्हरच्या रीडमीत लिहा. कॉम्पॅट फाइलमधल्या प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर तो कुठल्या कर्नलसाठी आहे ते नोंदवा. मग 5.10 सोडायची वेळ आली की तो आकडा शोधून तुकडे उडवता येतात.

आणि हे सगळं करताना ड्रायव्हर मेनलाइनमध्ये नेता येईल का हे दर वर्षी एकदा तपासा. 2008 पासून कर्नलमध्ये असलेला 'स्टेजिंग' विभाग अजून पूर्ण तयार नसलेल्या ड्रायव्हरांसाठीच आहे. मेनलाइनमध्ये आवृत्तीच्या अटी असलेला कोड घेतला जात नाही, पण वर सांगितल्याप्रमाणे मुख्य कोड स्वच्छ ठेवला असेल तर कॉम्पॅट फाइल वगळून उरलेला ड्रायव्हर पाठवता येतो. जुन्या कर्नलवरच्या ग्राहकांसाठी तोच कोड कॉम्पॅट फाइलसह बाहेर चालू ठेवा. एकदा ड्रायव्हर ट्रीमध्ये गेला की पुढच्या वेळी टायमरची सही बदलणाराच तुमचा ड्रायव्हरही दुरुस्त करतो. तुमच्याकडे उरते ती फक्त मागच्या कर्नलांची जबाबदारी, आणि ती दर वर्षी कमी होत जाते.